खोक्यातलं पिल्लू आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका कमी बोलणारा माणूस अख्ख्या उरण तालुक्यात झाला नसेल, आणि कोंबडीच्या पिल्लाशी त्यांच्याइतकं बोललेला माणूस उभ्या जगात सापडायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाही खोटंच वाटलं असतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. राहणार जासई. शेती गेल्यावर कंटेनर यार्डात गेटवर नोकरीला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. ताईला बघायला आले तेव्हा सगळ्या कार्यक्रमात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पानी मिलंल का?" आमची आई खूश. मुलगा शांत आहे म्हणून गावभर सांगत सुटली. शांत कसला! मिठाची गुळणी धरून बसलेल्या माणसाशी आपली गाठ पडलीय हे ताईला पहिल्याच आठवड्यात कळलं. घरात ते सगळं खोकल्यावर भागवायचे. एकदा खोकले की चहा, दोनदा खोकले की जेवण, आणि लांबलचक घसा खाकरला की आलेले पाहुणे आता उठले तर बरं. एकदा त्यांना खरोखरीचा खोकला झाला, तर ताई दिवसभर चहा करून करून दमली. हे ती आम्हाला हसत हसत सांगायची.

ताईला तर बोलायची भारी हौस. पोरं नोकऱ्यांसाठी लांब गेली, नवरा बोलेना, म्हणून तिने मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. प्रत्येकीला नाव. दाणे टाकता टाकता ती त्यांना सगळं सांगायची, भावकीतल्या लग्नात कुणी कुणाला मानाची साडी दिली नाही इथपासून आपला गुडघा कसा दुखतोय इथपर्यंत. भाऊजी ओटीवर पेपर तोंडापुढे धरून बसलेले. पेपर खाली व्हायचा तो एवढंच म्हणायला, "कटकट." बायकोची की कोंबड्यांची, ते कधी स्पष्ट केलं नाही. असा संसार रेटून ताई गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. झोपेतच गेली. जातानासुद्धा कुणाला त्रास दिला नाही, आणि मला तर तिचा हाच स्वभाव आवडायचा नाही.

आमच्याकडे सुतक फिटलं की भावकी जमते आणि तिखटाचं जेवण करून दुखवटा काढते. रीत आहे, मोडता येत नाही. बाहेरून मटण कशाला, घरच्याच कोंबड्या आहेत, असं कुणीतरी म्हणालं, आणि सकाळीच भावकीतल्या पुरुषांनी अंगण साफ केलं. त्यातली एक खुडूक होऊन जिन्याखालच्या टोपलीत अंड्यांवर बसलेली होती. हे घरात फक्त ताईला ठाऊक होतं आणि सांगायला ताई नव्हती; दाणे टिपायला अंगणात आली तेव्हा तीही सापडली. रस्सा झणझणीत झाला होता. भाऊजींना मान म्हणून तंगडी वाढली. ती खाऊन ते मागच्या पडवीत हात धुवायला गेले, ते परत येईनात. जाऊन बघते तर खरकटा हात तसाच ठेवून जिन्याखाली वाकलेले. बाकीची अंडी गार पडली होती. एकाच्या फुटक्या कवचातून चोच बाहेर आली होती आणि ती चिवचिवत होती. पिल्लाच्या आईची हाडं अजून ताटात होती. भाऊजींचा चेहरा असा झाला की मी त्यांना हात धुवा असंही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून या माणसाने जे काही केलं, त्याला बैल गेला आणि झोपा केला याशिवाय दुसरं नाव नाही. टीव्हीच्या खोक्यात भुसा पसरला. पिल्लाला ऊब हवी म्हणून जुना पिवळा बल्ब शोधत माझ्याकडे वाशीला आले. दुकानदार कौतुकाने एलईडी दाखवत होता, काका, कितीही वेळ लावा, गरम होणार नाही. भाऊजींनी तो बल्ब त्याच्याकडे असा सरकवला की जसं काही त्याने फसवायलाच काढला होता. चार दुकानं फिरवलं मला. ताई एक साडी घ्यायला वाशीला जाऊ म्हणून किती वर्षं मागे लागली होती, तेव्हा यांचे पाय दुखायचे.

मग पिल्लाची करमणूक सुरू झाली. मोबाइल हातात न धरणारा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. पिल्लाला सोबत वाटावी म्हणून खोक्यात ताईचा गुलाबी काठाचा आरसा उभा केला. आईच्या पंखाखाली शिरल्यासारखं वाटावं म्हणून ताईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या टांगल्या. कोबीचं पान दोऱ्याला बांधून उड्या मारायला लावायचे. अंग घोळायला परातीत राख. बसायला आडवी काठी. आणि सकाळ-संध्याकाळ खोक्याशेजारी पाट मांडून बोलणं. पेपर वाचून दाखवायचे, रस्त्यावर ट्रेलरची रांग कुठपर्यंत आलीय ते सांगायचे, शेजाऱ्याने गाडी आडवी लावली म्हणून तक्रार करायचे. शेजारीपाजारी हसायचे. मी विचारलं, हे काय चाललंय, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकटं हाय ना ते. एकट्या पिलाशी बोलाय लागतं. नाय बोललं त खायचं सोरतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या वर्षांचं मनात होतं ते तोंडातून गेलंच. "भाऊजी, ताईपण एकटीच होती."

 पिल्लू आरशावर टकटक करत होतं. मग भाऊजी सवयीने एकदा खोकले. घरात उठणारं कुणी नव्हतं, आणि मी तर मुळीच उठणार नव्हते. थोडा वेळ वाट बघून स्वतःच आत गेले, चहा केला आणि माझ्यापुढे कप ठेवत म्हणाले, "सगल्या कोंबऱ्यांची नावं सांगू तुला?" आणि सांगितली की! एकूण एक. कुठलीचा पाय अधू होता, कुठली तांदूळ खायची नाही, कुठलीला ताईने गुडघ्याचं सांगितलं, सगळं. पेपरामागून या माणसाने तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. मग एकदा तरी हूं म्हणायला काय जात होतं हो? हूं म्हणायला काय पैसे पडतात? चहात साखर नव्हती. मी तशीच प्याले आणि निघून आले.

पिल्लू जगलं. त्याची छान तलंग झाली, भरात आलेली तरणी कोंबडी, तुकतुकीत, थेट आईच्या रंगाची. पंख फुटले तशी खोक्यातून बाहेर उडी मारून ती शेजारच्यांच्या कोंबड्यांत जाऊन मिसळली. आता दाणे टिपायला येते तेवढीच, भाऊजी काही सांगायला लागले की पाठ फिरवते. मी म्हटलं, बरं झालं, आता कळेल. पण खोकं त्यांनी काढलेलं नाही. शेजारीण सांगते, आत आरसा तसाच आहे आणि संध्याकाळ झाली की बल्ब लागतो.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. जन्मात पहिल्यांदा. मी हॅलो हॅलो करतेय, पलीकडे कुणी बोलेना. मग दोनदा खोकल्याचा आवाज आला. दोनदा म्हणजे जेवण. वाशीत बसून मी यांना काय वाढणार होते? चांगलं झाडावं म्हणून मी तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, भाजीचे भाव सांगायला लागले. मग सोसायटीची लिफ्ट बंद पडलीय ते सांगितलं, माझाही गुडघा आता ताईसारखाच धरतो ते सांगितलं.

"हूं," पलीकडून आलं.

हा एवढासा शब्द ऐकायला माझी ताई जन्मभर थांबली होती. त्याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण फोनही ठेवला नाही. भाऊजींनीच शिकवलंय, एकट्याशी बोलावं लागतं, नाहीतर ते खायचं सोडतं. मी त्यांना विचारलं, आज जेवलात का, आणि बोलत राहिले.