कार्डावरचा बाजार

शंकेखोर म्हणून मी आमच्या दवाखान्यात बदनाम होतो आणि त्याचं मला काही वाईट वाटत नव्हतं. देवरीकडच्या एका लहान दवाखान्यात डोळे तपासायची नोकरी. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. डोळे दाखवायला येणारा माणूस खोटं बोलतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. ज्याला फुकटचा चष्मा पाहिजे तो दिसत असूनही ‘काहीच नाही दिसत’ म्हणतो. ऑपरेशनची धास्ती घेतलेला, दिसत नसताना ‘एकदम चकाचक’ म्हणतो.

जवळची नजर पाहायला आमच्याकडे एकच छापील कार्ड होतं, आठ ओळींचं. ‘सकाळी बाजार भरतो. लोक दुरून येतात. भाजी ताजी असते...’ वरची ओळ मोठ्या अक्षरात, मग खाली खाली अक्षर बारीक. सडक अर्जुनीच्या शिबिरात रांगेतल्या पहिल्या चार-पाच जणांनी वाचलं की मागच्यांना अख्खा बाजार पाठ. एका मास्तरांनी तर चष्मा पिशवीत ठेवूनच शेवटची ओळ म्हणून दाखवली. तेव्हापासून मी एकेकाला आत घ्यायचो आणि बाकीच्यांना पार फाटकापर्यंत हाकलायचो. वाचता न येणाऱ्या बायांपुढे परातीत तांदूळ ठेवायचो, खडे मिसळून. ‘निवडा,’ म्हणायचो. तांदूळ निवडण्यात जन्म गेलेली बाई परातीपुढे खोटं बोलू शकत नाही, दिसत असेल तर हात आपोआप खड्यावर जातो. या युक्तीचा मला भारी गर्व होता.

घरी बाबूजींना साखरेची बिमारी, बरीच जुनी. आमच्या गावात श्रावणात महिनाभर पोथी चालते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्याची जागा कित्येक वर्षं बाबूजींची होती. साखर डोळ्याच्या पडद्यावर उतरते हे मला ठाऊक होतं, म्हणून अधूनमधून मी त्यांच्या हातात कार्ड द्यायचो. खणखणीत आवाजात ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. ‘काऊन रे, झालं समाधान?’ वर असं विचारायचे. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. पुन्हा तपासूनही तेच आलं तर मोजमाप पक्कं समजावं, असं आम्हाला शिकवलेलं. लांबचं त्यांना कमीच दिसायचं, ते मी मोतीबिंदूवर ढकललं.

एका श्रावणात माय भाजी चिरता चिरता म्हणाली, “बाबू, तुये बाबूजी पोथी वाचून नाही राहिले.”

“मंग काय करून राहिले?”

“पाठचं म्हणून राहिले. पान संपलं नाही तरी उलटवतेत. काल दोन पानं एकदमच उलटली, अन् वाचणं मात्र तसंच चालू.”

मला रागच आला. मी आत जाऊन तपासणीचे तिन्ही कागद आणले. ‘जवळची नजर उत्तम’, खाली माझी सही. मायनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुया कागदाले काय करू? मी बाजूले बसून पाहून राहिली ना,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन एका कॉम्प्युटरवाल्याकडून नवं कार्ड छापून घेतलं. तोच आकार, तेवढ्याच ओळी. बाबूजींना शंका येऊ नये म्हणून वरची मोठी ओळ मुद्दाम तीच ठेवली आणि खालचं सगळं बदललं: ‘आज मात्र बाजार बंद आहे. रस्त्यावर कोणी नाही...’ “ऐसा कायको लिखते भैया?” त्यानं विचारलं. स्वतःच्या बापाला पकडायला सापळा लावतो आहे, हे त्याला काय सांगणार?

बाबूजी घरापुढच्या छपरीत खाटेवर बसले होते. त्यांनी कार्ड नेहमीसारखं हातभर दूर धरलं, घसा साफ केला.

“सकाळी बाजार भरतो. लोक दुरून येतात. भाजी ताजी असते...” शेवटपर्यंत. ओळ जिथं संपायची तिथं नीट थांबत, डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत.

याच छपरीत दर रविवारी मी शेजारपाजाऱ्यांचे डोळे तपासायचो आणि बाबूजी याच खाटेवर पडून असायचे. शिबिरातल्या लोकांना मी फाटकापर्यंत हाकलत होतो. घरच्या माणसाला मात्र रविवार-रविवार बसवून मीच पाठ करून दिलं होतं.

“बाबूजी, या कार्डावर बाजार बंद आहे.”

ते बराच वेळ कार्डावरून बोटं फिरवत राहिले.

“कवापासून दिसत नाही?”

“दोन श्रावण झाले.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“कायले सांगू? दुसऱ्याले बसवलं असतं ना तिथं.” मग म्हणाले, “अन् तू लिहून देत होता, चांगली हाये म्हणून. मले वाटे, पोरगं शिकलेलं हाये, एवढं लिहून देते तं असंल अजून काही बाकी.”

नागपूरच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडा म्हणून सांगितलं. डाव्यावर लेझर केलं. “दोन वर्षांआधी का नाही आणलं?” असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या पिशवीत ते तिन्ही कागद होते. मी ते बाहेर काढले नाहीत. मला लाज वाटत होती.

पुढच्या श्रावणात पोथी दुसऱ्यानं वाचली आणि बाबूजी अर्थ सांगायला बसले. त्याच्या आठ दिवस आधी मी आणखी एक कार्ड छापून आणलं होतं, कोणाला न दाखवता. बाबूजींनी ते डाव्या डोळ्यानं वाचलं, अडखळत. एक शब्द चुकवला, एक गाळला, चौथ्या ओळीवर थांबले. “याच्या खाली नाही दिसत,” म्हणाले.

मी कागदावर ‘चार ओळी’ असं लिहिलं. सही करायच्या आधी बाजूला बसलेल्या मायकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा सही केली.