पांढरी चार

महानंदाने पांढरा रंग कधी पाहिला नाही. काळाही नाही. पण पेटीवरची काळी पट्टी कुठली आणि पांढरी कुठली, हे तिला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं.

"काळी म्हंजे कशी, आप्पा?"

"उंच. अंगानं बारीक."

"आन् पांढरी?"

"पसरट. तुझ्या आईच्या भाकरीवानी."

"ऐकतेय हं मी," आई चुलीपासून म्हणायची.

आप्पा, म्हणजे जोतीराम, श्रीपूरला साखर कारखान्यात बॉयलरवर होते. कामावरून आले की अंघोळ करून पेटी काढायचे. साधी, एकेरी सुरांची पेटी. लेकीची बोटं हातात धरून त्यांनी सगळा रस्ता दाखवला. दोन उंच, मग मोकळी जागा, मग तीन उंच. तीन उंचांच्या डावीकडे घसरलं की पांढरी चार.

ती पांढरी चार मुकी होती. तिच्याखालची पितळी पत्ती, पेटीवाले जिला सूर म्हणतात, तुटली होती. दाबली की नुसती हवा यायची. फुस्स.

"पट्टा पडला की नवा सूर बसवून आणू," आप्पा म्हणायचे. पट्टा पडणं म्हणजे उसाचा हंगाम संपणं. दरवर्षी पट्टा पडायचा. एका वर्षी आई आजारी पडली आणि गेली. एका वर्षी आप्पांची बदली झाली. सूर राहून गेला. तोवर आप्पांनी युक्ती काढली होती.

"तिथं पेटी गप बसती नव्हं? तिथं तू म्हणायचं. पेटीला उणं वाटाय नको."

मग बोट पांढऱ्या चारवर गेलं की महानंदाच्या गळ्यातून तेवढाच एक सूर निघायचा. बोट उचललं की तोंड बंद. पेटी पुढे. आप्पा शेजारी बसून "बरोबर" म्हणायचे. फक्त त्याच जागेवर म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर आप्पा सोलापुरात आले, थोरल्या लेकाच्या, अभिमन्यूदादाच्या दोन खोल्यांत. महानंदा अर्थात बरोबर. पेटीही. चार वर्षांपूर्वी आप्पा गेले. दिवस झाल्यावर आत्या महानंदाला आठ दिवस सांगोल्याला घेऊन गेली. परत आल्यावर तिने चप्पल काढली, हात धुतले आणि कोपऱ्यात हात नेला. हाताला भिंत लागली.

"टेंभुर्णीच्या भजनी मंडळाला दिली," दादा म्हणाला. त्याची सासुरवाडी टेंभुर्णीची. "घरात पाय ठेवायला जागा नाय. आन् वाजवायला कोण हाय आता?"

महानंदा त्याच्या समोरच उभी होती. त्यालाही ते नंतर कळलं असावं. रात्री जेवताना त्याने तिच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने जेवणाचा पाट मांडीसमोर घेतला आणि त्यावर बोटं चालवली. रोज चालवली. चार वर्षं. पाटाच्या सगळ्याच पट्ट्या मुक्या. पण तिचं तोंड उघडायचं ते एकाच जागी. त्यामुळे घरात एवढंच ऐकू यायचं: बराच वेळ शांतता, मग एक सूर, मग पुन्हा शांतता.

शेजारची गौरम्मा विड्या वळायची. महानंदा तिच्याकडे जुड्या बांधायला जायची. गौरम्माच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. तिनेच सारजाबाईंच्या महिला भजनी मंडळात शब्द टाकला. मंडळाची पेटीवाली लेकाकडे पुण्याला गेली होती. दत्तजयंती पंधरा दिवसांवर आली होती.

सारजाबाईंनी महानंदाला मंडळाच्या पेटीपुढे बसवलं. पेटी चांगली होती. भाता हलका, पट्ट्या गुळगुळीत. महानंदाने तीन उंच शोधल्या आणि सुरू केलं. बायका गाऊ लागल्या. बोट पांढऱ्या चारवर गेलं. पट्टी वाजली, आणि त्याच वेळी महानंदाचा आवाजही निघाला. मोठा, एकटा, शब्दाशिवाय. पुढच्या ओळीला पुन्हा. तिसऱ्या वेळी झांजवाली हसू दाबताना ताल चुकली.

"काय गं," गौरम्मा दारातून म्हणाली, "पेटीला घास भरवतीस का काय मधीमधी?"

सगळ्या हसल्या. महानंदाही हसली. पण कान तापले होते.

सारजाबाई हसल्या नाहीत. "हात गोड हाय तुझा," त्या म्हणाल्या. "पण गायला आमी बारा जणी हाय की. तू नुसती वाजव. आट दिसांत तोंड मिटाय शीक. न्हायतर मला दुसरी बघावी लागंल."

महानंदाने दातांत पदर धरून पाहिला. सुपारी धरून पाहिली. सूर नाकातून निघायचा. सहाव्या दिवशी जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "माझी पेटी असती तर ही चूक नसती. त्या पेटीत हे बरोबरच हाय."

"मग आणू की," गौरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एसटीने टेंभुर्णीला गेल्या. महानंदा खिडकीशी बसली. तिची बोटं मांडीवर चालली होती. मागायचं कसं, याचीच ती तयारी करत होती.

मंडळाचे धुळाअण्णा मोठ्या मनाचे निघाले. "जोतीरामअण्णांची लेक व्हय? या की. तुमचीच वस्तू हाय, न्यायची तर न्या. आमी दुसरी बघू." पेटी त्यांनी स्वतः उचलून तिच्यासमोर ठेवली.

महानंदाने झाकणावर हात ठेवला. डाव्या कोपऱ्यातला टवका तिथेच होता. भात्याला तोच जुना वास. तिने नाक जवळ नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

मग तिने भाता धरला. दोन उंच. मोकळी जागा. तीन उंच. आप्पांनी शिकवलेलं पहिलंच भजन. बोट डावीकडे घसरलं, तोंड उघडलं.

पट्टी वाजली.

"हां!" धुळाअण्णा खूष होऊन म्हणाले. "ती पट्टी मुकी हुती बगा. बार्शीच्या कारागिराकडनं नवा सूर बसवून घेतला. आता कशी खणखणीत हाय."

महानंदाचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. तिने ते मिटलं. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पुन्हा वाजली. शेजारच्या सुरांपेक्षा जरा कोरी, नव्या कापडासारखी. ती आठ-दहा वेळा वाजवत राहिली. तिचा आवाज एकदाही निघाला नाही.

"अगं, झालं की!" गौरम्माने तिच्या पाठीवर थाप मारली. "मिटलं तोंड!"

"जुना सूर कुटं हाय?" महानंदाने विचारलं.

"त्यो? टाकला आसंल की कारागिरानं. काय कामाचा हुता?"

"व्हय," ती म्हणाली. "काय कामाचा."

तिने झाकण लावलं. पेटी धुळाअण्णांच्या दिशेने सरकवली. "ऱ्हाऊ द्या हितंच. वाजतीया, वाजू द्या."

परतीच्या एसटीत गौरम्मा मोहोळपर्यंत तिला बोलत होती. इतक्या लांब यायचं आणि रिकाम्या हाताने जायचं, हे तिच्या डोक्यात शिरेना. मग तिला झोप लागली.

दत्तजयंतीला महानंदाने पेटी वाजवली. एकही चूक नाही. बारा जणी गायल्या आणि तिचे ओठ मिटलेले राहिले. सारजाबाईंनी तिच्या हातावर दोनदा सुंठवडा ठेवला. "गुरुवारी येळंवर ये गं," म्हणाल्या. चार वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचं कुणी नव्हतं. महानंदाने पाट काढला. आता त्याची गरज नव्हती, तरी काढला. गौरम्मा उंबऱ्यात विडीची पानं कातरत बसली होती.

बोटं लाकडावर चालू लागली. शांतता. महानंदा वाट बघत होती. घाई करत नव्हती. तीन उंच आल्या. बोट डावीकडे घसरलं.

तिने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. आवाज निघाला नाही.

गौरम्माची कात्री थांबली. "काय झालं गं?"

"वाजली," महानंदा म्हणाली. बोट तिथेच होतं, लाकडावर दाबून धरलेलं. "हितंबी वाजली."