शेवाळाचं मलम

नेरच्या आठवडी बाजारात एक बाई बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कोरफडीच्या गरात समुद्री शेवाळाचा अर्क घोटून ती हाता-तोंडाला लावायचं मलम करते. मी पहिल्यांदा घ्यायला गेले, तर माझ्या मनगटावर थोडं चोळून म्हणाली, "बाजार फिरून या. खाजलं नाही, तं देईन." मला रागच आला. पैसे हातात घेऊन उभी होते मी! पण तिचा हा नियम सगळ्यांनाच.

एकदा गाल लालबुंद झालेली एक शेतकरीण आली. कपाशीवर फवारायच्या टॉनिकातही शेवाळाचाच अर्क असतो, म्हणून तिनं घरातलं तेच तोंडाला चोपडलं होतं.

"आता तुमचं असली द्या," ती म्हणाली.

"नाही देत. आधी डॉक्टरले दाखवा."

"अवो, परवा पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले!"

"येऊ द्या. ते पोरीले पाहतीन, तुमाले नाही."

शेतकरीण तणतणत निघून गेली. शेजारचा बांगडीवाला हसला, "कायले गिऱ्हाईक घालवलं?"

बाईनं डबीचं झाकण गच्च लावलं. "दुसऱ्याच्या तोंडावर मी धंदा शिकत नाही."

काही बाजार गेले. एके दिवशी तीच शेतकरीण पुन्हा समोर येऊन बसली. गाल निवळले होते. तिनं बांगड्या वर सारल्या आणि मनगट पुढं केलं. बाईनं मलम चोळलं, आणि न सांगताच शेतकरीण बाजार फिरायला उठली.