वासंतीच्या नावावरचा लॅपटॉप

लॅपटॉपचा पडदा निळा झाला आणि त्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागणारी चौकट आली, तेव्हा शिनगारे सर चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते.

"हे नवीन विंडोज का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. हे कुलूप आहे."

गुरुवारची दुपार होती. कळंब तालुक्यातली ही कर्णबधिर मुलांची निवासी शाळा. एक लहानशी संस्था ती चालवते आणि शिनगारे सर तिथले मुख्याध्यापक. मी धाराशिवला संगणक दुरुस्तीचं काम करतो. शाळेचे सातही संगणक पहिल्यापासून माझ्याकडेच असतात. माझी बायको वासंती त्या शाळेत वाचाशिक्षिका होती, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांना बोलायला शिकवायची. दीड वर्षापूर्वी ती वारली. निळा झालेला लॅपटॉप तिच्या टेबलावरचा होता.

काम काय होतं ते आधी सांगतो. विंडोज दहाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं. संगणक चालत राहतो, पण नवं भोक पडलं तर बुजवायला कोणी येत नाही. म्हणून सगळीकडे विंडोज अकरा घालायचं होतं. त्याला लायसन्स लागतं. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, आणि ती कुणाच्या तरी नावावर असते. धर्मादाय संस्थांना ती सवलतीत मिळते, पण संस्था खरी आहे हे कागदांनी पटवून द्यावं लागतं. आमचा अर्ज दोनदा परत आला. नोंदणीच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद होता आणि लेटरहेडवर धाराशिव. तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या संस्था वाटल्या.

"आम्ही जागचे हललो नाही, जिल्ह्याचं नाव बदललं, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं?" शिनगारे सर म्हणाले होते.

मी नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडली. तिसऱ्या वेळी मंजुरी आली.

सहा संगणक दोन दिवसांत झाले. प्रत्येकाचा आधी बॅकअप, मग बायोसचं अपडेट, मग विंडोज. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. सातव्या लॅपटॉपचा बॅकअप मी घेतला नाही. त्याचं कारण लिहायला नको वाटतं, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. बॅकअप घ्यायचा तर आत जावं लागलं असतं. आतल्या फोल्डरांना नावं तिनं दिलेली. ती मला वाचायची नव्हती. म्हणून मी पेनड्राइव्ह लावला आणि बाहेरूनच बायोस अपडेट केलं.

हल्लीच्या लॅपटॉपांमधली डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. चोरानं लॅपटॉप नेला तरी त्याला आतलं वाचता येऊ नये, हा हेतू. बायोस बदललं की लॅपटॉपला वाटतं, आपण चोराच्या हाती लागलो, आणि तो किल्ली मागतो. त्यामुळे बायोसला हात लावण्याआधी हे कुलूप थोडा वेळ थांबवून ठेवायचं असतं. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सांगतो.

ही किल्ली लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्याचं ऑनलाइन खातं टाकलं, त्याच्या खात्यात जमा असते. तो दिवस मला आठवत होता. संस्थेचं वेगळं खातं काढू, असं मी म्हणालो होतो. सर म्हणाले होते, "कशाला? मॅडमच वापरणार. मॅडमचंच टाका." मी टाकलं. या संस्थेत सगळंच असं आहे. विजेचं मीटर संस्थापकांच्या नावावर, स्वयंपाकघरातला गॅस स्वयंपाकीणबाईंच्या नावावर. विश्वासाच्या माणसाचं नाव लावलं की काम पुढं सरकतं.

"आत काय काय आहे, सर?"

सरांनी कप टेबलावर ठेवला. "मुलांच्या मशीनची सेटिंग. सगळ्या एकतीस मुलांची."

मशीन म्हणजे कानातलं श्रवणयंत्र. प्रत्येक मुलाला कुठला आवाज किती मोठा करून द्यायचा, हे वेगळं असतं. ते ठरवायला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ लागतो. वासंतीनं त्यांच्याबरोबर बसून ते वर्षानुवर्षं भरलं होतं.

"जुनी मशीनं असतील ना? त्यांतून सेटिंग वाचता येईल."

"काल देणगीदारांची माणसं घेऊन गेली. बदलून मिळणार होती ना. नवी आली आहेत, पण कोरी आहेत."

"ऑडिओलॉजिस्ट कधी येतात?"

"परवा, शनिवारी. अर्धा दिवस. फाइल असली की एका मुलाला सात-आठ मिनिटं पुरतात. नसली तर सगळी तपासणी पहिल्यापासून. आणि पुन्हा यायचे ते चार महिन्यांनी."

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताटांची चळत कोसळली. आम्ही दोघेही दचकलो. अंगणात खेळणाऱ्या मुलांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही.

वासंतीच्या खात्याचा पासवर्ड मला माहीत होता. पण माझा लॅपटॉप त्या खात्याला नवीन, म्हणून तिच्या मोबाइलवर ओटीपी जाणार होता. चौकटीत नंबरचे शेवटचे दोन अंक दिसत होते. मला दहाही पाठ होते. तिचा फोन मी रीसेट करून भाचीला दिला होता. सिम बंद करायला काही मी गेलो नाही. फक्त रिचार्ज केला नाही. नंबर केव्हाच मेला असणार. खात्री करावी म्हणून लावला.

रिंग गेली. "हॅलो," एक बाई म्हणाली.

मी फोन ठेवून दिला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"कुणीतरी उचलला."

न वापरलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. हे मला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना मी ते समजावून सांगतो. तरी पुन्हा लावायला मला अर्धा तास लागला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. हा नंबर माझ्या बायकोचा होता, ती वारली, आता सहा आकड्यांचा एक मेसेज येईल, तेवढा वाचून दाखवा, असं म्हणालो.

"मेलेल्या बायकूचा नंबर?"

"हो."

"आन् कशाला पायजे आकडा?"

"कर्णबधिर मुलांच्या मशीनसाठी."

"हे नवीन हाय बगा. मागचा म्हणत व्हता, लाइट कापणार. बायकूला मारून ओटीपी मागता व्हय? लाज वाटू द्या जरा."

फोन बंद. पुन्हा लागेना, ब्लॉक केला होता. सरांनी स्वतःच्या फोनवरून लावला. "ताई, मी मुख्याध्यापक बोलतोय."

"आन् म्या कलेक्टर बोलतीय," असं म्हणून तिनं तोही ठेवला.

सरांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "मागं रेल्वेगाडीची घोषणा चालू होती. येडशी स्टेशन म्हणाले. आणि काहीतरी तळल्याचा आवाज येत होता."

शुक्रवारी सकाळी मी येडशीला गेलो. बरोबर मृत्यूचा दाखला, वासंतीचा फोटो, शाळेचं पत्र आणि माझा लॅपटॉप. स्टेशनबाहेर दोन टपऱ्या. पहिलीवर चहा मागितला. "साखर कमी का नेहमीची?" टपरीवालीनं विचारलं आणि मी आवाज ओळखला. पन्नाशीची बाई, हातात भज्यांचा झारा. तिचं नाव महानंदाबाई, हे नंतर कळलं.

"काल फोन केला होता तो मीच," मी म्हणालो.

तिनं झारा खाली ठेवला नाही. "इथवर आलात व्हय?"

मी कागद पुढं केले. तिनं लांबूनच पाहिले. "कागद कुणीबी छापतंय. फोटूबी कुणाचाबी दावता येतो."

मग तिनं झारा ठेवला. पदराला हात पुसून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला. "पाच म्हयनं झालं, ह्या नंबरावर हे येतंय. ही पोरगी हातानं काय म्हणती, ते सांगा. मग देते."

ती रेखा होती. शाळेतून दोन वर्षांपूर्वी सोलापूरला पुढच्या शाळेत गेलेली. मला खुणांची भाषा फारशी येत नाही. व्हिडिओ तीनदा पाहिला. रेखा सुरुवातीला दोन बोटांनी कानाची पाळी चिमटीत धरत होती.

"हे माझ्या बायकोचं नाव आहे," मी म्हणालो.

कर्णबधिर मुलं ओळखीच्या माणसाला खुणेचं नाव ठेवतात. शिनगारे सरांचं नाव चष्मा. वासंती रोज मोत्याच्या कुड्या घालायची, म्हणून तिचं नाव कानाची पाळी. पुढं रेखा काय सांगत होती ते नीट कळलं नाही. पास झाले, असं काहीतरी असावं.

महानंदाबाईंनी फोटो उचलला आणि त्यातल्या कुड्या बघितल्या. मग व्हिडिओ पुन्हा लावला. मग वाकून गॅस बंद केला.

"म्या तिला अंगठा पाठीवत व्हते," त्या म्हणाल्या. "पोरगी एवढं हात हालवून सांगती, कायतरी द्यावं म्हणून. दर बारीला अंगठा."

मी बाकड्यावर बसलो. पाच महिने वासंतीच्या नंबरवरून त्या मुलीला उत्तरं जात होती. शाळेतल्या मुलांना आम्ही सांगितलं होतं. सोलापूरला कुणी कळवलं नव्हतं. बँकेत, विम्यात, पेन्शनच्या कार्यालयात, सगळीकडे मी दाखल्याच्या प्रती दिल्या होत्या. हे मला सुचलंच नव्हतं.

पहिला ओटीपी महानंदाबाईंचा चष्मा सापडेपर्यंत संपला. दुसरा त्यांनी एकेक आकडा करून वाचला. खातं उघडलं. अठ्ठेचाळीस आकडे मी कागदावर लिहून घेतले आणि दोनदा पडताळले. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

"त्या पोरीला आता काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो."

दुपारी लॅपटॉप उघडला. या वेळी आधी बॅकअप घेतला. त्यासाठी फोल्डर उघडावेच लागले. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक होता, आत तक्ते आणि तिच्या बारीक टिपा. शनिवारी एकतीसच्या एकतीस मशीनं भरून झाली. जेवायच्या वेळी इतका गोंगाट झाला, की शिनगारे सरांनी ऑफिसचं दार लावून घेतलं.

सगळी लायसन्स आता संस्थेच्या खात्यावर आहेत. त्या खात्याला दोन माणसांचे नंबर जोडले आहेत. सातही किल्ल्या कागदावर छापून कपाटात ठेवल्या. संस्थेची वस्तू माणसाच्या नावावर ठेवू नये. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी तो कायमचा नसतो. मी त्याच धंद्यातला, आणि हे मला स्वतःच्या घरातून शिकावं लागलं.

रेखाला कळवण्यासाठी शाळेतल्या शिकवणाऱ्या बाईंकडून मी 'वारली' ही खूण शिकून घेतली. कानाची पाळी, आणि मग ती खूण. एक संध्याकाळ त्यात गेली. व्हिडिओ माझ्या नंबरवरून पाठवला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ आला. मला समजेना, म्हणून बाईंना दाखवला.

"विचारतेय, मग अंगठा कोण दाखवत होतं?" बाई म्हणाल्या.

मी येडशीचं लिहून पाठवलं. टपरी, भजी, महानंदाबाई. नंबर वेगळा द्यावा लागला नाही.