शिक्का बघणारे मास्तर

मास्तरांनी माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला फसवलं. जमातीतले लोक म्हणतात, "फसवलं म्हणू नगंस, त्येंचाबी नाइलाज झाला." मी तीस वर्षं बारामतीच्या बाजारात शेळ्या-बोकडांचे सौदे करतोय. नाइलाज कोणता आणि लबाडी कोणती, हे मला लांबून कळतं. आपाच्या हजच्या पैशांचं वाटोळं झालं आणि मास्तरांनी त्यातून आपला वाटा काढला. हे आधी लिहितो, मग त्यांचे गुण.

गुण होतेच. भवानीनगरला राहणारा हा निवृत्त, वाळका माणूस बिस्किटाचा पुडाही भिंग लावून वाचायचा. हलालचा शिक्का सापडेपर्यंत समोरचा चहा गार झाला तरी चालेल. "आधी शिक्का बघावा, सलीम, मग तोंड उघडावं," असं म्हणायचे. पेन्शनवर बँकेचं व्याज जमा झालं की तेवढी रक्कम काढून ईदगाहजवळच्या संडासांच्या बांधकामाला द्यायचे. व्याज घरात वापरायचं नाही आणि ते दिल्याचा सवाब, म्हणजे पुण्यही मागायचं नाही, हा त्यांचा नेम. संडास मात्र मजबूत झाले, हे मान्य करतो.

मी शाळा सोडली तेव्हा मला परत न्यायला ते सायकलवरून तीनदा आमच्या गावी, पणदऱ्याला आले होते. तिसऱ्यांदा हरले आणि दाखला लिहून दिला. 'वर्तणूक उत्तम' असं लिहून त्यांनी खाली शाळेचा शिक्का मारला. त्याच आठवड्यात मी एका पोराचं डोकं फोडलं होतं. शिक्क्याचा आणि खऱ्याचा संबंध नसतो, हे मला तेव्हाच कळलं. शिक्का मारणाऱ्याला जन्मभर कळलं नाही.

हमीदाआपा तिचं नाव. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या दुधावर तिने हजसाठी पैसे साठवले. थोडे कमी पडत होते. बँकेत ठेवावेत तर व्याज, आणि हजला व्याजाचा पैसा कसा न्यायचा? मग मास्तर आले. ओट्यावर बसून त्यांनी मोबाइलवर शरियतप्रमाणे गुंतवणूक करणारी दोन अ‍ॅप उघडली. पहिल्यावर स्पष्ट लिहिलं होतं, नफा ठरलेला नाही, पैसे कमीही होऊ शकतात. दुसऱ्यावर दर महिन्याला ठरलेला नफा आणि खाली तीन आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, गोल शिक्के.

"जो सोताच बुडंल म्हणतो, त्येच्या नावंत कोण बसंल, हमीदाबी?" असं म्हणून मास्तरांनी पहिलं अ‍ॅप बंद केलं.

मी म्हणालो, "मास्तर, नफा आधीच ठरलेला असंल, तर त्येला व्याजच म्हणत्यात की."

"तू शेळ्या इक. शरियत बघायला तीन आलिम बसल्यात."

आपा हसली. माझं डोकं फिरलं.

आता माझी चूकही लिहितो. मास्तरांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून दिला. मास्तरांना माझी अक्कल दाखवायची म्हणून मी त्याच्याशी घासाघीस सुरू केली. तो महिन्याला दीड टक्का म्हणाला, मी दोन म्हणालो. तो एका दमात कबूल झाला. बाजारात पहिल्या बोलीला जो झुकतो, त्याच्या शेळीचे दात मी दोनदा बघतो. त्या दिवशी मिशीवर हात फिरवत बसलो. आपाने सगळी रक्कम टाकली.

चार महिने नफा आला. पाचव्या महिन्यात अ‍ॅप उघडेना आणि कंपनीचा फोन लागेना. मी भवानीनगर गाठलं. मास्तरांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ बाबा, माझंबी उघडत न्हाय."

अ‍ॅप नव्हतंच उघडत. संदेश मात्र उघडले. 'आपला हदिया जमा झाला', म्हणजे भेट, सतरा वेळा. प्रत्येकात नव्या सभासदाचं नाव. एकात हमीदाआपाचं.

"हे काय, मास्तर?"

"कुणी खुशीनं हदिया दिला तर परत करू नये, असं हाय."

"आणि तुमचं सोताचं किती गेलं?"

ते भिंग पुसत बसले. पैसे भरल्याचा एकही संदेश नव्हता; त्यांचा एक रुपयाही त्यात नव्हता. पेन्शन बँकेतच होतं, ज्या बँकेचं व्याज त्यांना चालत नव्हतं. आमच्या बाजारात दलालही पैसे घेतो, पण उजेडात, विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या डोळ्यांसमोर. त्याला कुणी सलाम करत नाही, एवढाच फरक.

आता मास्तर इंदापूरला लेकीकडे राहायला गेलेत. माझा फोन उचलत नाहीत. ज्या अ‍ॅपला ते बुडणारी नाव म्हणाले, ते अजून चालू आहे, कधी वर, कधी खाली.

हदियाचं मी आपाला सांगितलेलं नाही. तिचे गुडघे दुखतात, औंदाची हज गेली, पुढची कोण सांगणार? तरी नमाजनंतर ती मास्तरांसाठी दुआ मागते. मलाच दटावते, "सलीम, त्यास्नी वाकडं बोलू नगंस. चांगल्यासाठीच केलं त्येंनी."

मास्तर, रक्कम भरून द्या असं मी म्हणत नाही. तुमची ऐपत मला ठाऊक आहे. पणदऱ्याला या, आपासमोर बसा आणि तिच्या नावावर किती घेतले ते तुमच्या तोंडाने तिला सांगा. मग तिने दुआ मागावी नाहीतर शिवी द्यावी, तो तिचा हक्क. येत्या शुक्रवारच्या जुम्म्यापर्यंत थांबतो. नाही आलात तर उरलेल्या सोळा घरांना घेऊन मीच इंदापूरला येईन आणि नमाज सुटल्यावर सगळ्यांसमोर विचारीन. त्या कंपनीचा पत्ता कुणाकडे नाही. तुमचा आहे.