परीक्षेतली दुसरी वेलांटी

अध्यापक विद्यालयात लेखन शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे 'वेलांटीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. भावी शिक्षकांच्या वह्यांत त्या चुकीच्या शब्दांभोवती एकेका पानावर वीस-वीस लाल गोल काढत.

चार वर्षांपूर्वी प्राचार्यांनी निकालाचा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. "बाई, आशय बघा. ऱ्हस्व-दीर्घावरून मुलं नापास व्हायला लागली, तर इथे प्रवेश कोण घेणार?"

बाईंची नेमणूक वर्षावर्षाची. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, सून आणि नात बाईंच्याच आधाराने. बाईंनी मान डोलावली. तेव्हापासून चूक दिसली की त्या पान उलटत.

यंदा नात तिसरीत गेली. एका संध्याकाळी तिची वही चाळताना बाई थबकल्या. पोरीने 'परीक्षा' बरोबर लिहिलं होतं. शिक्षिकेने त्यावर काट मारून शेजारी 'परिक्षा' लिहिलं होतं आणि दहा वेळा लिहून आणायला सांगितलं होतं.

"आजी, तू शिकवलेलं लिहू की आमच्या बाईंचं? तुझं लिहिलं तर परत काट बसेल."

"बाईंचंच लिही," आजी म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. काम काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या नातीच्या शाळेत गेल्या. वर्गाच्या दारात समोर आलेली नातीची शिक्षिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली. बाईंनी वही उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं. तिचा चेहरा उतरला.

"पण बाई, मी वर्षभर तुमच्याकडे असंच लिहिलं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. तुम्ही कधी गोल केला नाहीत, म्हणून मला वाटलं, बरोबरच असणार."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोसला असता. तिने वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलेला 'परिक्षा' पुसून नीट लिहिला. बाई मात्र रस्ताभर मोजत राहिल्या, चार वर्षांत आपल्या हाताखालून गेलेले असे किती जण किती वर्गांत उभे असतील.

सोमवारी वह्यांचा गठ्ठा आला. पहिल्याच वहीत बाईंनी चौदा गोल काढले. त्या वहीची तक्रार पोचली आणि दुपारी प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"गुण कापलेले नाहीत मी," बाई म्हणाल्या.

"मग गोल तरी कशाला? मुलं बिथरतात. तुमच्या नेमणुकीचा कागद इथे पडलाय, सही राहिलीय फक्त."

बाई जागेवर परतल्या. लाल पेन खणात टाकलं, शिसपेन्सिल घेतली आणि उरलेल्या अडतीस वह्यांत चुकीच्या शब्दांखाली रेघा ओढल्या, इतक्या फिकट की शोधणाऱ्यालाच दिसाव्यात.

आठवडाभरात एकच मुलगी विचारायला आली. "बाई, ही रेघ कसली?"

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "दार लोटून घे आणि बस."