वारंटी निघायच्या दिवशी

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस असं पुढं कोणी म्हणायला नको. गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुलूप लावून दोन जिने उतरते, परत वर येते आणि ओढून बघते. अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा येतो आणि त्या गोळ्याचा राग मी समोरच्यावर काढते. भित्र्या माणसाला राग लवकर येतो, हे मी स्वतःवरून सांगते.

लॅपटॉप घेतला आणि या भीतीला हक्काचं घरच मिळालं. आई गेल्यावर मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गंगापूरकडच्या आमच्या गावातून इथं शहरात आणलं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. मी एका कंपनीचं काम घरी बसून करते. लोकांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंग येतात, त्या ऐकायच्या, मराठीत टाइप करायच्या आणि दिलेल्या वेळेला पाठवायच्या. मशीन ज्याचं त्यानं आणायचं. फाईल एकदा चुकली तर समज मिळते, दुसऱ्यांदा चुकली तर नाव कमी. माझी एकदा चुकून झाली होती. म्हणजे लॅपटॉप गेला तर काम गेलं, काम गेलं तर ह्या खोल्या गेल्या, आणि आबा परत गावी, जिथं त्यांना बीपीची गोळी हातावर ठेवायलाही कोणी उरलं नाही. त्यामुळं मी त्या लॅपटॉपजवळ चहाचा कप येऊ द्यायची नाही. आबा नुसते टेबलाजवळून गेले तरी ओरडायची, "आबा, वायर!" ते बिचारे भिंतीला चिकटून जायचे.

वर्ष होत आलं तसा दुकानाचा मेसेज आला. वारंटी बुधवारी संपते, त्याआधी पैसे भरले तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळेल. तो मेसेज मी दिवसातून दहा वेळा वाचला. घेतली तर दुकानदारानं आपल्याला शेंडी लावली ही भीती, आणि नाही घेतली तर गुरुवारी सकाळी मशीन बंद पडणार ही भीती. गुरुवारीच पडणार, माझी खात्रीच होती.

शेवटी क्रांती चौकातल्या त्या दुकानात जाऊन बसले. काउंटरवर पन्नाशीचे एक भाई होते, मेंदीनं लाल झालेले केस, आवाज एकदम मऊ. मी कागद मागितला आणि एकेक ओळ वाचत प्रश्न विचारले. आतला पार्ट आपोआप बिघडला तर? "फ्री में." पाणी सांडलं तर? "नै दीदी." हातातून पडला तर? "नै." मुंग्या शिरल्या तर? भाईंनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "मुंग्यां कायको आएंगे दीदी, लॅपटॉप है, लड्डू है क्या?" मग हसून म्हणाले, "इत्ता टेन्शन नक्को लो. वारंटी ले लो, अपना डर हमारे पास जमा कर दो."

हे वाक्य ऐकून मी आणखीच घाबरले. डर जमा करायचा म्हणतो, आणि मला ज्याज्याची भीती वाटते त्यातलं एकही त्या कागदावर नव्हतं. विचार करून सांगते म्हणाले, नंबर देऊन आले. आबांना यातलं काहीच सांगितलं नाही. उगाच त्यांचं बीपी वाढायचं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांत मी ही धरते.

बुधवारी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या भागात आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं पाण्याचा दिवस म्हणजे सगळी कामं बाजूला. चार वाजेपर्यंत एक फाईल पाठवायची होती, अर्धी झालेली होती. लॅपटॉप टेबलावर उघडा, फोन चार्जिंगला, आणि मी खाली, इमारतीच्या मागच्या नळावर, बादल्यांच्या रांगेत. पाऊण तास तरी गेला असेल.

त्या पाऊण तासात वर काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथं आधीच सांगते. फोन वाजला, आबांनी उचलला. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि फोन त्यांनी डाव्याच कानाला लावला. दुकानातले भाई बोलत होते. "दीदी को बोलो, लॅपटॉप की वारंटी आज निकल जारी. शाम तक आए तो ठीक, बाद में हम कुछ नै कर सकते." आपल्या इथलं हिंदी बोलणारा माणूस 'जा रही'ला 'जारी' म्हणतो, हे आबांना चांगलं माहीत आहे, अख्खा जन्म त्यांनी ती बोली ऐकली. पण त्यांच्या कानात शिरलं ते वेगळंच. लॅपटॉप. दीदी. वारंट जारी. संध्याकाळपर्यंत.

वारंट हा शब्द आमच्या आबांसाठी नुसता शब्द नाही. नामांतराच्या दिवसांत ते विशी-बाविशीचे होते, मोर्चात पुढं असायचे. त्यांच्या नावानं वारंट निघालं आणि महिनाभर ते मावशीच्या गावी उसात लपून राहिले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही आईनं लई आग्रह केला म्हणून. अजूनही खाकी कपड्यातला पोस्टमन जिन्यात दिसला तर ते आत जातात. त्यात हल्ली कोणालाही फोन लावला की आधी अटकेच्या खोट्या फोनपासून सावध राहा म्हणून ऐकवतात. आबांना त्यातला 'खोट्या' कधी ऐकूच आला नसावा.

मी दोन हातांत दोन बादल्या घेऊन वर आले तर दार नुसतं लोटलेलं. टेबलावर लॅपटॉप नाही. वायर तशीच लोंबत होती. बादली हातातून सुटली आणि आठ दिवसांचं पाणी खोलीभर पसरलं, मला त्याचं काहीच वाटलं नाही. "आबा!" आत बघितलं, मोरीत बघितलं, गच्चीवर जाऊन आले. आबा नाहीत. त्यांना फोन लावला तर तो कपाटावरच वाजायला लागला.

पहिला विचार चोराचा आला, आणि लाज वाटते पण सांगते, पहिली कळ लॅपटॉपसाठीच आली. चार वाजता फाईल, दुसरी चूक, नाव कमी. मग एकदम दुसरं मनात आलं. चोर आला तेव्हा आबा घरात होते. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि कॉटखाली वाकून बघितलं. कॉटखाली काय दिसेल असं मला वाटलं होतं, ते आजही तोंडानं बोलवत नाही.

तिथं काहीच नव्हतं. मग दिसलं की खुंटीवरचा आबांचा पांढरा सदरा नाही. ते तो फक्त विहारात वंदनेला जाताना घालतात. चोरानं आबांचा सदरा कशाला नेला असता?

धावत खाली आले. किराणा दुकानातल्या काकू म्हणाल्या, "तुझे आबा मघाशीच गेले की. हातात पिशवी होती. पोलीस चौकीला कुठून जायचं म्हणून विचारत होते. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले पोरीला काही सांगू नका. अगं बाई, काय केलंस तू?"

मी काय केलं होतं? मी गॅस तीनदा बघणारी बाई. त्या पाच मिनिटांच्या रस्त्यात मी माझे सगळे गुन्हे आठवले. कंपनीच्या फाईली, कुणाकुणाच्या रेकॉर्डिंग, त्यात कोणी काही भलतंच बोललं असेल का, ते मी टाइप केलं म्हणून माझ्यावर आलं असेल का. ओल्या साडीनं मी रस्त्यानं पळत होते आणि लोक वळून बघत होते.

चौकीच्या बाहेरच्या बाकावर आबा बसलेले होते. पांढरा सदरा, सगळी बटणं लावलेली, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. मला बघताच ते उठून उभे राहिले आणि माझ्या अंगावरच ओरडले. उभ्या आयुष्यात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

"कामून आलीस तू हितं? घरी जा! जा म्हनतो ना!"

"आबा, काय झालंय?"

त्यांनी आवाज खाली आणला. "तुह्या नावानं वारंट जारी झालंय. फोन आलता. तू कायबी बोलू नको. म्या सांगितलंय त्यांला, लॅपटॉप माझा हाय, जे केलं ते म्या केलं. मला आत घ्या म्हनलो. तर हे निस्ते बस म्हनायलेत."

दारात उभा असलेला हवालदार माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, बाबांचं काय म्हणणंय कळंना. अर्धा तास झाला, अटक करा म्हणतायत. आमच्याकडं तर कुठलंच वारंट नाही. पाणी दिलं तर पाणीबी घेईनात."

मी फोन काढून शेवटचा आलेला कॉल बघितला. तो दुकानाचा नंबर होता. एका क्षणात सगळं लख्ख कळलं. मी बाकावर बसले, आबांना ओढून शेजारी बसवलं आणि समजावून सांगायला लागले. वारंटी, आबा, वारंट नाही, वारंटी. मशीन बिघडलं तर फुकट दुरुस्त करून देतात, त्याची मुदत. ती आज निकल जारी, म्हणजे संपायली. तुम्ही ऐकलं ते 'जा रही' होतं. सांगता सांगता मला हसू आलं आणि हसताना रडू आलं, आणि मग ते थांबेचना. हवालदार आत निघून गेला.

आबांनी सगळं ऐकलं. "वारंट नाय?"

"नाही आबा."

"तपासून घे. परत एकदा इचार त्यांला."

मी आत जाऊन परत विचारून आले. माझा स्वभाव कोणावर गेलाय ते मला त्या दिवशी कळलं.

रस्त्यात मी विचारलं, लॅपटॉप कुठंय? आबा इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "ज्वारीच्या कोठीत."

"ज्वारीत? आबा, कोठीत कशाला घातला?"

"माझ्या वारंटाच्या वक्ताला मायनं माझे सगळे कागद कणगीत घातलते. घर उलथंपालथं केलं पोलिसांनी, गाडगं ठिवलं नाय. पन कणगीत हात घातला नाय." थोडं चालून ते म्हणाले, "आपल्या ज्वारीला ते हात लावत नसतेत. इटाळ व्हतो ना त्यांला."

ते हे अगदी साध्या आवाजात बोलले, फ्रिजमध्ये दूध ठेवलंय म्हणून सांगावं तसं. मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही.

पत्र्याची कोठी उघडून ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. कडुलिंबाचा पाला हाताला लागला, मग कापड. आई विहारात जाताना नेसायची त्या पांढऱ्या साडीत त्यांनी लॅपटॉप गुंडाळला होता, गाठ मारून. तरी कडेनं दाणे शिरलेच होते. मी तो उलटा करून झटकला, आबा शेजारी ताट धरून उभे. बटण दाबलं. एक मिनिट काहीच झालं नाही. मग दिवा लागला, आत कुठंतरी एक दाणा खडखड वाजला आणि स्क्रीन उजळली. उरलेली अर्धी टाइप केली आणि चाराला दहा मिनिटं कमी असताना फाईल गेली.

साडेचारला भाईंचा फोन आला. "दीदी, क्या सोचे? निकल जारी वारंटी."

मी त्यांना विचारलं, आत ज्वारीचा दाणा गेलाय, चालेल का? पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दीदी, ज्वारी नै चलती."

"मग जाऊ द्या," मी म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. मशीन आतून आपोआप बिघडलं तर ते दुरुस्त करून देणार होते, आणि आमच्या घरात आपोआप काही बिघडत नाही. फोन ठेवला तर आबा दारात उभे. "काय जाऊ द्या म्हनलीस? कोन व्हतं?" मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

लॅपटॉप अजून चालतो. हलवला की दाणा वाजतो आणि तो वाजला की मी दचकते.

त्या रात्री आबा झोपल्यावर मी त्यांची पिशवी उघडून बघितली. एक टॉवेल, एक बनियन, दात घासायची पावडर, बीपीच्या गोळ्यांचं एक पाकीट, आणि माझा लहानपणचा एक फोटो. वारंट नाही, हे त्यांना पटलंय. तसं ते स्वतः म्हणतात. पण पिशवी त्यांनी रिकामी केली नाही, दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे. मीही काढा म्हणत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तेवढी बघत राहते आणि संपत आली की त्यांच्या नकळत नवं पाकीट आत ठेवते.